हॅझॉप अभ्यासगटाची तयारी आणि नेतृत्व : ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ट्रान्स ठाणे क्रीक ही औद्योगिक वसाहत पसरलेली आहे, तर पश्चिमेला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे यांसारखी दाट वस्तीची उपनगरे उभी आहेत. येथे कारखाने आधी आले आणि शहर नंतर. महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नोसिलचा नॅफ्थावर आधारित पेट्रोरसायन प्रकल्प याच रस्त्यालगत सुरू झाला. नवे शहर वसविणारी सिडको १९७० साली स्थापन झाली, महानगरपालिका १९९२ साली अस्तित्वात आली आणि ठाणे-तुर्भे-वाशी हा लोहमार्ग प्रवाशांसाठी २००४ साली खुला झाला. कारखान्यांसाठी ही जागा निवडली गेली तेव्हा आसपास आगरी-कोळी समाजाची गावे, भातशेती आणि खाडी होती. आज तेथे शाळा, रुग्णालये आणि गृहसंकुले आहेत. कारखान्याच्या आत राहून गेलेल्या एखाद्या उणिवेची किंमत आता केवळ कारखान्याच्या आतच मोजावी लागेल, अशी स्थिती उरलेली नाही.

ही भीती काल्पनिक नाही. ५ नोव्हेंबर १९९० रोजी रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथील वायू-भंजन संकुलात वायुगळती होऊन झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे दगावली. डोंबिवली औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी झालेल्या स्फोटात बारा जणांचा बळी गेला आणि परिसरातील घरांचेही मोठे नुकसान झाले. त्याच वसाहतीत २३ मे २०२४ रोजी रिअ‍ॅक्टरचा स्फोट होऊन पुन्हा जीवितहानी झाली. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या वायुप्रक्रिया प्रकल्पात लागलेल्या आगीत चार जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनांची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांना एकाच सूत्रात बांधणे अन्यायाचे ठरेल. मात्र प्रत्येक दुर्घटनेनंतर एकच प्रश्न विचारला जातो : हे आधी कोणाच्या लक्षात कसे आले नाही?

'आधी लक्षात येणे' हेच ज्या पद्धतीचे प्रयोजन आहे ती म्हणजे हॅझॉप, अर्थात धोका व संचालनक्षमता अभ्यास. या पद्धतीवर तांत्रिक लेखन विपुल आहे. परंतु अभ्यासगटाची तयारी कशी होते, त्याचे नेतृत्व कोण करतो आणि त्या बैठकीत कोणाचे बोलणे नोंदले जाते, या प्रश्नांची चिकित्सा त्या मानाने कमी झाली आहे. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न आहे. हॅझॉप ही गणिती पद्धत नसून संवादाची पद्धत आहे. म्हणून तिची विश्वासार्हता संवादात कोण सहभागी आहे यावर अवलंबून राहते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. पद्धतीचे स्वरूप

तंत्रविद्येशी संबंध नसलेल्या वाचकासाठी प्रथम पद्धतीचा थोडक्यात परिचय करून देणे आवश्यक आहे. रासायनिक प्रकल्पाच्या सर्व नळ्या, पात्रे, झडपा व मापनयंत्रे दाखविणारे एक सविस्तर रेखाचित्र असते. उद्योगात त्याला 'पी अँड आयडी' म्हणतात. हॅझॉपमध्ये या रेखाचित्राचे लहान लहान भाग पाडले जातात. अशा भागाला 'नोड' ही संज्ञा आहे. नवी मुंबईकरांना हा शब्द सिडकोच्या नगररचनेतून परिचित आहे. शहराचे जसे नोड, तसेच प्रक्रियेचेही. प्रत्येक नोडचा अभिप्रेत हेतू प्रथम निश्चित केला जातो : अमुक द्रव अमुक तापमानाला, अमुक दाबाने, अमुक वेगाने येथून तेथे जावा. त्यानंतर काही ठरावीक मार्गदर्शक शब्द त्या हेतूला लावून पाहिले जातात. हे शब्द मराठीत मांडावयाचे तर असे होतील : नाही, जास्त, कमी, सोबत आणखी काही, अर्धवट, उलट आणि भलतेच. 'प्रवाह नाही', 'दाब जास्त', 'प्रवाह उलट' अशी विचलने त्यातून तयार होतात. प्रत्येक विचलनाचे कारण काय, परिणाम काय, त्याला अटकाव करणारी कोणती व्यवस्था आज आहे आणि ती अपुरी असल्यास काय करावे, या क्रमाने चर्चा होऊन तिची नोंद तक्त्यात केली जाते.

या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. भोपाळचे उदाहरण येथे बोलके ठरते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि अनियंत्रित अभिक्रिया सुरू झाली. 'सोबत आणखी काही' हा एकच शब्द त्या टाकीला लावला तर 'पाणी' हे उत्तर रसायनशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सुचेल. पण पुढचे प्रश्न अधिक कठीण आहेत. पाणी कोणत्या वाटेने येऊ शकेल? ते आले तर टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा चालू असेल काय? निसटलेला वायू जाळणाऱ्या ज्योतीपर्यंतची नळी जोडलेली असेल काय? त्या रात्री शीतकरण बंद होते आणि ज्योतीकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. रेखाचित्रावर मात्र दोन्ही व्यवस्था जागच्या जागी होत्या. रेखाचित्र आणि वास्तव यांच्यातील हे अंतर भरून काढणे हीच अभ्यासगटाच्या तयारीची खरी कसोटी आहे.

२. उगम आणि त्यातील एक उणीव

हॅझॉपचा उगम ब्रिटनमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत झाला. या पद्धतीचे प्रमुख भाष्यकार ट्रेव्हर क्लेट्झ यांनी तिची जन्मकथा सांगितली आहे. १९६३ च्या सुमारास कंपनीच्या एका विभागात फिनॉल निर्मितीचा प्रकल्प आखला जात होता. भांडवली खर्चात कपात करण्याचा आग्रह होता आणि ही कपात मर्यादेबाहेर गेली असावी, अशी शंका काहींना वाटत होती. तेव्हा कार्यपद्धती-अभ्यासातील 'चिकित्सक तपासणी' हे तंत्र आराखड्याला लावून पाहण्याचे ठरले. तीन जणांचा गट आठवड्यातून तीन दिवस, याप्रमाणे चार महिने रेखाचित्रांवर बसला. पुढे १९७४ साली याच कंपनीतील एच. जी. लॉली यांच्या शोधनिबंधाने ही पद्धत जगापुढे आली आणि १९७७ साली ब्रिटनच्या रासायनिक उद्योग संघटनेने तिची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

या जन्मकथेतील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे पद्धतीच्या मुळाशी खर्चकपातीविषयीची अस्वस्थता होती. औपचारिकता पूर्ण करण्याचा हेतू नव्हता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या पहिल्या गटात प्रकल्प सुरू करणारे व चालविणारे व्यवस्थापक आणि चिकित्सक तपासणीचे तज्ज्ञ होते. प्रकल्प चालविणाऱ्यांची दृष्टी तेथे होती, हे त्या प्रयोगाचे मोठेपण होय. परंतु पाळीत उभा राहून झडप फिरविणारा ऑपरेटर त्या तिघांत नव्हता. प्रकल्प अद्याप कागदावरच असल्याने ते स्वाभाविकही म्हणता येईल. मात्र पुढे हीच पद्धत वीस-तीस वर्षे चाललेल्या कारखान्यांना लावली जाऊ लागली. तेथे कागदाबाहेरचे ज्ञान कामगारांच्या हातांत साठलेले असते. पद्धतीचा साचा मात्र नव्या आराखड्याचाच राहिला.

आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६१८८२ क्रमांकाच्या मानकात, जे प्रथम २००१ साली आणि सुधारित स्वरूपात २०१६ साली प्रसिद्ध झाले, गटातील भूमिका स्पष्ट केल्या आहेत. गटप्रमुख, नोंदकर्ता, आराखडाकार, वापरकर्ता, विशेषज्ञ आणि देखभाल प्रतिनिधी अशी ती विभागणी आहे. येथे 'वापरकर्ता' ही संज्ञा चिकित्सेस पात्र ठरते. उत्पादन व्यवस्थापकही वापरकर्ता आहे आणि रात्रपाळीचा ऑपरेटरही. पहिल्याला बोलावले की मानकाची पूर्तता होते. पद्धतीचा हेतू मात्र सफल होतोच असे नाही. मानक भूमिका सांगते, त्या भूमिकांमधील सत्तासंबंध सांगत नाही.

३. तयारी : रेखाचित्राकडून प्रत्यक्षाकडे

अभ्यासाची गुणवत्ता पहिल्या बैठकीपूर्वीच बऱ्याच अंशी ठरलेली असते. गटप्रमुखाने अद्ययावत रेखाचित्रे, प्रत्येक रसायनाची सुरक्षा-माहितीपत्रके, अभिक्रियेतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेची माहिती, सुरक्षा-झडपांची गणिते, इंटरलॉकची यादी, कार्यपद्धतीच्या पुस्तिका आणि पूर्वीच्या अपघातांच्या व थोडक्यात टळलेल्या प्रसंगांच्या नोंदी गोळा करणे अपेक्षित असते. नोड आधीच पाडून ठेवणे आणि बैठकांचा कालावधी अंदाजणे हेही त्याचेच काम. एका बैठकीत तीन-चार तासांहून अधिक एकाग्रता टिकत नाही, याविषयी जाणकारांत साधारण एकमत आहे. आठवड्याचे काम दोन दिवसांत उरकण्याचा आग्रह जेथे धरला जातो तेथे शेवटच्या नोडांची तपासणी नाममात्र होते.

परंतु कागद गोळा केल्याने तयारी पूर्ण होत नाही. रेखाचित्रात दिसणारा कारखाना आणि जमिनीवर उभा असलेला कारखाना हे एकच आहेत काय, हे पाहणे ही तयारीतील कळीची पायरी आहे. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे १ जून १९७४ रोजी झालेल्या स्फोटात २८ माणसे ठार झाली. एका रिअ‍ॅक्टरला तडा गेल्याने तो काढून दोन शेजारच्या रिअ‍ॅक्टरांना जोडणारी तात्पुरती नळी बसविण्यात आली होती. तिचे रीतसर रेखाचित्र नव्हते. कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती तेवढी होती. अशा ठिकाणी मूळ रेखाचित्रांवर कितीही निर्दोष हॅझॉप केला तरी ती नळी अभ्यासात आलीच नसती. म्हणून रेखाचित्र हातात घेऊन, ऑपरेटर व देखभाल कामगार यांना बरोबर घेऊन प्रत्येक नळी चालून पाहणे हा गटप्रमुखाचा पहिला पाठ असावयास हवा. 'हा बायपास कधी मारला?' हा साधा प्रश्न अनेक तक्त्यांहून अधिक माहिती देऊन जातो.

ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या संदर्भात आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. रंगद्रव्ये, औषधी द्रव्ये व विशेष रसायने यांचे उत्पादन प्रामुख्याने 'बॅच' पद्धतीने, म्हणजे घाण्याघाण्याने होते. पाठ्यपुस्तकांतील हॅझॉपची उदाहरणे मात्र बहुधा अखंड वाहणाऱ्या प्रक्रियेची असतात. अखंड प्रक्रियेत नळी हा नोड पुरेसा ठरतो. घाण्याच्या प्रक्रियेत 'पायरी' हा नोड धरावा लागतो. कोणते द्रव्य आधी, कोणते नंतर, किती वेळात, कोणत्या तापमानाला, यावर सारे अवलंबून असते. तेथे 'लवकर', 'उशिरा', 'आधी' आणि 'नंतर' हे शब्द 'जास्त' व 'कमी' इतकेच निर्णायक ठरतात. एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये निरनिराळी उत्पादने आलटून पालटून घेतली जात असतील तर 'भलतेच' हा शब्दही अपवादात्मक राहत नाही. ही मांडणी बैठकीत सुचणारी नाही. ती आधीच करून ठेवावी लागते.

वेळेचा हा प्रश्न साठवणुकीलाही लागू पडतो. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणम येथे टाकीतील स्टायरिनमध्ये स्वयंप्रेरित बहुवारिकीकरण होऊन बाष्प वस्तीत पसरले आणि बारा जणांचा मृत्यू झाला. टाळेबंदीमुळे प्रकल्प थांबलेला होता. बहुवारिकीकरण रोखणारे द्रव्य अपुरे होते आणि टाकीच्या वरच्या थरांतील तापमान मोजण्याची सोय नव्हती, असे शासकीय चौकशीत आढळले. प्रकल्प चालू असताना काय बिघडेल याचा विचार नेहमी होतो. प्रकल्प स्वस्थ पडून असताना काय बिघडेल, हा प्रश्न गटप्रमुखाच्या यादीत आधीपासून असावा लागतो.

४. नेतृत्व : प्रश्नाचे आणि ऐकण्याचे

गटप्रमुख त्या आराखड्याशी थेट संबंधित नसावा, असा संकेत आहे. आपलेच काम तपासताना माणूस समर्थनाच्या भूमिकेत जातो, हे त्यामागचे कारण. गट पाच ते आठ जणांचा असावा, हेही सर्वसाधारणपणे मान्य आहे. पण नेतृत्वाचे मर्म या संख्येत नाही. ते एका काल्पनिक प्रसंगातून स्पष्ट करता येईल.

एका रिअ‍ॅक्टरमध्ये नायट्रेशनची अभिक्रिया चालू आहे. वरच्या टाकीतून आम्ल-मिश्रण सहा तासांत हळूहळू सोडावयाचे, आतले द्रव्य ढवळत ठेवावयाचे आणि बाहेरच्या जॅकेटमधून थंड ब्राइन फिरवावयाचे, असा हेतू आहे. 'ढवळणे नाही' हे विचलन घेतले जाते. आराखडा अभियंता सांगतो की ढवळणीची मोटर ट्रिप झाली तर इंटरलॉकमुळे आम्लाची झडप आपोआप बंद होते. नोंदकर्ता 'विद्यमान व्यवस्था पुरेशी' असे लिहितो आणि पुढचे विचलन घेतले जाते. तक्ता निर्दोष दिसतो.

आता त्याच बैठकीत ऑपरेटर उपस्थित आहे आणि गटप्रमुखाने अभियंत्याच्या उत्तरानंतर मुद्दाम त्याच्याकडे वळून विचारले आहे, असे मानावे. तो तीन गोष्टी सांगू शकतो. झडप बंद दाखवते, पण ती 'पासिंग' आहे, म्हणजे बंद असूनही थेंब थेंब गळते. दुसरे, घाणा सुरू करताना इंटरलॉक त्रास देतो म्हणून तो काही वेळ बायपास केला जातो. तिसरे, एकदा ढवळणीचे कपलिंग तुटले होते. मोटर फिरत होती, पण आतले पाते स्थिर होते आणि इंटरलॉकला त्याचा पत्ताच नव्हता. या तीन वाक्यांनी त्या तक्त्यातील 'पुरेशी' हा शब्द कोसळतो. न ढवळलेल्या द्रव्यात आम्ल साचत जाते आणि कोणी घाईने ढवळणी पुन्हा सुरू केली तर साचलेले सारे आम्ल एकदम अभिक्रिया करते. ती उष्णता जॅकेटच्या आवाक्याबाहेर जाते. मोटरच्या विद्युतभारावर आधारित सूचक, दुसरी स्वतंत्र झडप आणि 'ढवळणी थांबली तर वरिष्ठांना विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये' ही कामगाराच्या भाषेत लिहिलेली सूचना, अशा शिफारशी या बोलण्यातूनच निघतात.

हा संवाद घडवून आणणे हेच नेतृत्व होय. त्यासाठी काही पथ्ये आवश्यक ठरतात. बोलण्याचा क्रम हुद्द्याच्या उलट असावा. वरिष्ठाने आधी मत दिले की कनिष्ठ गप्प होतात. इंटरलॉक कोणी बायपास केला याची चौकशी त्या खोलीत होणार नाही, हे व्यवस्थापनाने पहिल्याच दिवशी जाहीर करावे. गटप्रमुखाने उत्तर देण्याचा मोह टाळावा. आणि 'असे कधी झालेले नाही' हे वाक्य विचलन निकालात काढण्याचे कारण म्हणून स्वीकारू नये.

कंत्राटी कामगाराच्या बाबतीत ही पथ्येही अपुरी पडतात. ज्याची नोकरी कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे त्याने व्यवस्थापकासमोर उणीव सांगावी, ही अपेक्षा धाडसाची आहे. अशा वेळी गटप्रमुखाने पाळीबदलाच्या वेळी प्रत्यक्ष कामाच्या जागी स्वतंत्र भेटी घ्याव्यात, मिळालेली माहिती नाव न घेता बैठकीत मांडावी आणि बैठकीचा वेळ भरपगारी कामाचा धरला जाईल याची हमी आधी मिळवावी. ही कामे तांत्रिक दिसत नाहीत. परंतु तांत्रिक निष्कर्षांची सत्यता त्यांवरच उभी असते.

५. भाषेचा प्रश्न

हॅझॉपचे सर्व दस्तऐवज इंग्रजीत असतात. रेखाचित्रे, तक्ते व मानके यांची ती भाषा आहे आणि सल्लागार, विमा कंपन्या व परदेशी भागीदार यांच्यासाठी ती राहणेही व्यवहार्य आहे. प्रश्न दस्तऐवजाच्या भाषेचा नसून चर्चेच्या भाषेचा आहे. कारखान्यात काम करणारा माणूस मराठीत, हिंदीत किंवा आपल्या बोलीत विचार करतो. 'लाइन चोक झाली', 'व्हॉल्व्ह पासिंग आहे', 'पंप हवा धरतो' ही त्याची शब्दकळा आहे. ती अर्धी इंग्रजी असली तरी तिची वाक्यरचना आणि तिच्यातील अनुभव येथलाच आहे. चर्चा इंग्रजीत सुरू झाली की हा माणूस 'येस सर' एवढ्यावर येतो.

गंमत अशी की या पद्धतीचा गाभा असलेले शब्द कोणत्याही भाषेतील अगदी प्राथमिक शब्द आहेत. नाही, जास्त, कमी, उलट, भलतेच हे शब्द समजण्यासाठी पदवी लागत नाही. तक्त्यात इंग्रजी ठेवून चर्चा मराठी-हिंदीत करणे आणि प्रत्येक नोडअखेरीस नोंदलेला मजकूर ऑपरेटरला त्याच्या भाषेत वाचून दाखवून त्याची संमती घेणे, एवढा बदल खर्चिक नाही. मात्र त्यासाठी दोन्ही भाषांत सहज वावरणारा नोंदकर्ता हवा. नोंदकर्त्याची भूमिका दुय्यम मानली जाते आणि ती बहुधा नवख्या अभियंत्याकडे जाते. वस्तुतः बोललेले आणि लिहिलेले यांच्यातील अंतर तोच राखतो किंवा मिटवतो. 'झडप नेहमी गळते' या वाक्याचे 'झडपेची नियमित देखभाल करावी' असे रूपांतर झाले की तक्रार शिफारशीत विरघळते आणि वस्तुस्थिती नोंदीतून नाहीशी होते.

६. संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर काही आक्षेप घेता येतील. पहिला असा की हॅझॉपचे काम अद्याप न घडलेल्या गोष्टींची कल्पना करणे हे आहे, तर कामगाराचा अनुभव घडून गेलेल्या गोष्टींपुरता मर्यादित असतो. हा आक्षेप अंशतः खरा आहे. दुर्मीळ पण भीषण अपघात कोणत्याही एका कामगाराच्या अनुभवात येत नाही. त्यासाठी अभिक्रियेचे विज्ञान आणि जगभरच्या अपघातांचा अभ्यास लागतो. म्हणूनच ऑपरेटरची साक्ष तज्ज्ञाच्या जागी ठेवता येणार नाही. ती तज्ज्ञाच्या गृहीतकांची तपासणी म्हणून त्याच्या शेजारी ठेवावी लागेल. झडप बंद होईल हे तज्ज्ञाचे गृहीतक आहे; ती बंद होत नाही ही कामगाराची माहिती आहे. विज्ञानाला दोहोंची गरज आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. अशा पद्धतीने अभ्यास लांबतो हे मान्य करावयास हवे. लहान कारखान्याला अनुभवी ऑपरेटर आठवडाभर बैठकीत बसविणे जड जाते. यावर उपाय म्हणजे सर्वाधिक धोकादायक पायऱ्यांसाठी त्याचा वेळ राखून ठेवणे. सर्वच नोडांना समान वेळ देण्याचा आग्रह धरून महत्त्वाच्या नोडांवर घाई करणे अधिक हानिकारक आहे.

तिसरा आक्षेप स्वतः क्लेट्झ यांच्या लेखनातून निघतो. हॅझॉप हा ज्ञान व अनुभव यांना पर्याय नाही, असे त्यांनी वारंवार बजावले आहे. शिवाय हॅझॉपची वेळ येते तेव्हा आराखडा बहुतांशी पक्का झालेला असतो. त्यामुळे धोकादायक द्रव्याचा साठाच कमी करावा किंवा सौम्य द्रव्य वापरावे, यांसारखे मूलभूत बदल त्या टप्प्यावर अवघड होतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मांडलेला अंगभूत सुरक्षिततेचा विचार या मर्यादेतूनच आला. ठाणे-बेलापूर पट्ट्याला हा विचार विशेष लागू पडतो. जेथे रस्ता ओलांडला की वस्ती सुरू होते तेथे 'हे रसायन सुरक्षितपणे कसे साठवावे' याआधी 'एवढे साठवावे का' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. चांगला गटप्रमुख हा प्रश्न हॅझॉपच्या कक्षेबाहेरचा म्हणून टाळत नाही. तो नोंदवून व्यवस्थापनाकडे पाठवितो.

७. कायदा, अहवाल आणि उत्तरदायित्व

भोपाळनंतर भारतीय कायद्याने सहभागाचे तत्त्व मान्य केले होते. कारखाने अधिनियमात १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. त्यात कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आणि नजीकच्या धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क यांचा समावेश होता. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी मोठ्या अपघातांचे संभाव्य धोके ओळखण्याची जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावर टाकली आणि ठरावीक मर्यादेहून अधिक साठा असणाऱ्यांना सुरक्षा अहवाल बंधनकारक केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. तिच्यात सुरक्षा समितीची तरतूद आहे. परंतु कोणत्या आस्थापनांनी ती नेमावी हे शासनाच्या आदेशावर सोपविले आहे. लहान रासायनिक कारखान्यांतील कामगाराचा आवाज त्यामुळे क्षीण होऊ नये, ही चिंता अस्थानी म्हणता येणार नाही. समिती नसलेल्या कारखान्यात हॅझॉपची बैठक हीच त्याला बोलण्याची एकमेव औपचारिक जागा ठरू शकते.

अहवाल असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हा धडाही भोपाळनेच दिला. त्या कारखान्याची मे १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या तज्ज्ञांनी पाहणी केली होती आणि गंभीर उणिवा लेखी नोंदविल्या होत्या. अहवाल होता, अडीच वर्षांनी दुर्घटनाही झाली. म्हणून अभ्यासगटाचे काम शेवटच्या बैठकीने संपत नाही. प्रत्येक शिफारशीला जबाबदार व्यक्ती व मुदत असणे, नाकारलेल्या शिफारशीचे कारण लिहिले जाणे आणि पूर्ण झालेल्या शिफारशीची ज्याने उणीव सांगितली त्या ऑपरेटरकडून पडताळणी होणे, या तीन गोष्टी अभ्यासाच्या आराखड्यातच अंतर्भूत असाव्यात.

समारोप

या चर्चेतून पुढील निष्कर्ष निघतात. हॅझॉपचे मार्गदर्शक शब्द सर्वत्र सारखे असले तरी त्यांना मिळणारी उत्तरे खोलीत कोण बसले आहे यावर ठरतात. पद्धतीच्या उगमातील व्यवस्थापककेंद्री साचा चालू कारखान्यांसाठी अपुरा आहे. गटप्रमुखाची तयारी कागदांपासून नव्हे, तर जमिनीवरच्या नळ्यांपासून आणि त्या हाताळणाऱ्या माणसांपासून सुरू व्हावी. घाण्याच्या प्रक्रियेसाठी पायरीनिहाय नोड व वेळेचे शब्द आधीच निश्चित करावेत. चर्चा कामगाराच्या भाषेत व्हावी आणि नोंदीवर त्याची संमती घेतली जावी.

या कामात महाविद्यालयांनाही स्थान आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय सीबीडी बेलापूर येथे आहे, औद्योगिक वसाहत शेजारी आहे आणि रसायनशास्त्र, मानसशास्त्र, वाणिज्य व भाषा असे सारे विभाग एकाच आवारात नांदतात. बैठकीतील मौनाचा अभ्यास मानसशास्त्राचा विषय आहे, बोललेल्याचे लिखितात रूपांतर हा भाषेचा विषय आहे आणि अभिक्रियेची उष्णता हा रसायनशास्त्राचा. हॅझॉप हा खऱ्या अर्थाने बहुविद्याशाखीय विषय असून तो केवळ अभियांत्रिकीवर सोपविण्यात आला आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला दुपारच्या पाळीत जाणारा कामगार रात्री पश्चिमेच्या घरी परततो. रिअ‍ॅक्टरवरची कोणती झडप गळते हे त्याला ठाऊक असते. ते त्याला कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेत विचारले, यावर त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची सुरक्षितता अवलंबून आहे.